अभ्यासदौऱ्याचे शेवटचे तीन दिवस: घरी बसून जे मिळणार नाही ते आधी

परदेशातला वास्तुकलेचा अभ्यासदौरा संपत आला की गटात एकच विषय सुरू होतो: अजून काय पाहायचं राहिलं? यादी निघते, तिच्यात शहराबाहेरचं एखादं चर्च आणि दोन संग्रहालयं घुसतात, आणि उरलेले दिवस गाड्या पकडण्यात जातात. परत आल्यावर शीट (मोठ्या कागदावरचं मापात काढलेलं चित्र) काढायला बसलं की कळतं, ज्या इमारतीसाठी एवढा प्रवास केला तिच्या भिंतीची जाडीच कुणी लिहून घेतलेली नाही.

म्हणून शेवटच्या दिवसांत प्रत्येक कामाला एकच चाळणी लावा: हे घरी बसून मिळेल का? इमारतीचा समोरचा देखणा फोटो मिळेल. छापील प्लॅन (वरून पाहिलेला आराखडा) मिळेल. वास्तुकाराची मुलाखत तर नक्कीच मिळेल. खिडकीच्या कट्ट्याची उंची, दुपारी चारला ऊन जमिनीवर कुठवर येतं, पायरीला पाय कसा पडतो, दोन दगडांमधला सांधा किती मिलिमीटरचा आहे, हे मिळणार नाही. वेळ या दुसऱ्या यादीवर घालवायचा. नव्या इमारती बघू नका असं नाही, पण त्या उरलेल्या वेळात.

दिवस मागून मोजा

विमानाच्या वेळेपासून उलट मोजत या. इथे पहिली चूक मध्यरात्रीच्या विमानाची होते. तिकिटावर १४ तारीख आणि वेळ ००.३० असेल, तर विमानतळावर १३ च्या रात्री पोहोचायचं असतं. म्हणजे निघण्याचा दिवस १३ आहे, १४ नव्हे. व्हिसाचे दिवसही याच हिशेबाने तपासा. युरोपात एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या शेंगेन क्षेत्रात १८० दिवसांतले ९० दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरतात.

मग वेळ अशी वाटा. निघण्याच्या तीन दिवस आधीची संध्याकाळ तपासणीला. पुढचा पूर्ण दिवस जागेवर. त्याच्या पुढची सकाळ पुन्हा जागेवर, पण ती राखीव. पाऊस, संप, बंद दरवाजा यांत जे हुकलं ते त्या सकाळी. दुपारपासून फाइली आणि सामान. निघण्याच्या दिवशी काहीही ठेवायचं नाही. सकाळी तासाभरात होईल म्हणून ठेवलेलं काम होत नाही, आणि विमानतळाच्या वाटेवरची धाकधूक फुकटची पदरात पडते.

राखीव सकाळ ठरवण्याआधी सुटीचा वार बघा. युरोपातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. इमारत शाळा किंवा कार्यालय असेल तर शनिवार-रविवार गेला, आणि चर्च असेल तर रविवारची सकाळ प्रार्थनेत गेली. दौऱ्याच्या सुरुवातीला आत जायची परवानगी काढली होती म्हणून ती आताही चालेल असं धरू नका. परत येतोय हे तपासणीच्याच संध्याकाळी कळवा, आणि नेमकं काय हवंय ते लिहा: कुठली खोली, किती माणसं, किती वेळ. ‘पुन्हा एकदा बघायचंय’ यापेक्षा ‘जिन्याजवळ दोघांना वीस मिनिटं’ याला होकार लवकर मिळतो.

तपासणी म्हणजे वही चाळणं नव्हे

वही चाळली की सगळं झालंय असं वाटतं. पानं भरलेली असतात, आकडे दिसतात. काय राहिलंय ते कळायचा खात्रीचा मार्ग एकच: बटर पेपर घ्या आणि लिहिलेल्या मापांवरून प्लॅन १:१०० ला (एक मीटरला कागदावर एक सेंटिमीटर), एक सेक्शन (इमारत उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र) १:५० ला काढायला बसा. सुबक नको, पट्टीने नुसत्या रेघा. जिथे पेन्सिल थांबेल तिथे लाल गोल करा आणि क्रमांक घाला. हे क्रमांक म्हणजे उद्याची कामाची यादी. मध्यम आकाराच्या घराला दीड-दोन तास लागतात, आणि शेवटच्या दिवसांतले हे सगळ्यांत कामाचे तास.

सेक्शन आवर्जून काढा, कारण प्लॅन बहुतेक वेळा जुळून येतो, घोडं अडतं ते सेक्शनमध्ये. लाल गोल साधारण याच ठिकाणी येतात: भिंतीची जाडी, खिडकीच्या कट्ट्याची जमिनीपासूनची उंची, दाराच्या चौकटीची उंची, स्लॅबची जाडी, आतल्या आणि बाहेरच्या जमिनीतला फरक, गच्चीच्या कठड्याची उंची. जिन्यात आणखी एक फसगत आहे. एका सलग चढात रायझर (पायरीच्या उभ्या बाजू) ट्रेडपेक्षा (पाय ठेवायच्या आडव्या बाजूंपेक्षा) एकाने जास्त असतात, आणि वहीत नुसतं ‘१७ पायऱ्या’ असं लिहिलेलं असेल तर मोजलं काय ते कुणालाच आठवत नाही. १७ रायझर गुणिले १७० मिमी म्हणजे २.८९ मीटर, १८ धरले तर ३.०६. मजल्याची उंची १७ सेंटिमीटरने हलली.

छापील प्लॅन हाताशी असेल तर तो या कागदाशेजारी ठेवा, पण कागदातली भोकं त्याने भरू नका. स्पेनमधल्या बार्सिलोना पॅव्हिलियनचंच बघा. १९२९ ची मूळ वास्तू पुढच्याच वर्षी उतरवली गेली, आज तिथे उभी आहे ती १९८६ मध्ये पूर्ण झालेली पुनर्बांधणी. तिथे टेप लावून घेतलेलं माप १९८६ च्या वास्तूचं आहे, आणि शीटवर तसंच लिहायला हवं. पॅरिसजवळच्या व्हिला साव्हॉय या घरात खांबांमधलं अंतर ४.७५ मीटर म्हणून सगळे पाठ करून येतात, पण रॅम्पच्या आसपास खांब त्या जाळीतून सरकलेले आहेत. जाळी प्रमाण मानून काढलेला प्लॅन नेमका तिथेच खोटा पडतो, आणि गंमत अशी की बघण्यासारखंही तिथेच असतं.

जागेवर परत: मापं

जोड्यांनी जा. एक मोजतो, दुसरा लिहितो, आणि लिहिणारा आकडा मोठ्याने परत म्हणतो. हे बालिश वाटतं, पण १६५० चे १५६० झालेले इथेच पकडले जातात. सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहा. पहिल्या दिवसांची पेन्सिलची नोंद खोडू नका. शेवटच्या दिवसांची मापं वेगळ्या रंगाने लिहा, म्हणजे दोन आकडे भांडले तर कुठला नंतरचा ते कळेल.

बरोबर घ्यायचं ते एवढंच: ५ मीटरची टेप, लेझर मीटर, एक मीटरची घडीची पट्टी, छोटा ओळंबा, पाठीमागे पुठ्ठा लावलेले कागद, दोन रंगांच्या पेन्सिली आणि हाताच्या तळव्याएवढा पांढरा पुठ्ठा. पुठ्ठा कशाला ते पुढे येईल. खडू नको. जुन्या वास्तूवर खूण करायची नसते, पुसली जाणारीसुद्धा नाही.

लांब भिंतीवर खिडक्या-खांबांची मापं तुकड्यातुकड्यांनी घेऊन त्यांची बेरीज करू नका. दर तुकड्याला पाच मिलिमीटरची चूक धरली, तरी बारा तुकड्यांत ती एकाच बाजूला साचली तर सहा सेंटिमीटर होते. टेपचं शून्य कोपऱ्यात धरा, आणि तिथूनच प्रत्येक कडेचा आकडा वाचत जा: ९५०, २१५०, ३१०० असं.

खोली काटकोनात आहे हे डोळ्यांवर विश्वासून लिहू नका. दोन्ही कर्ण मोजा. ६ × ४ मीटरच्या काटकोनी खोलीचा कर्ण ७.२११ मीटर येतो. दोन कर्ण वेगळे आले तर खोली तिरपी आहे, आणि कर्ण हातात असल्यामुळे ती तिरपी काढताही येईल. चार भिंती मोजल्या आणि कर्ण मोजला नाही, तर त्या चार आकड्यांतून हवे तितके वेगवेगळे चौकोन निघतात.

भिंतीची जाडी दार-खिडकीच्या कापात मोजतात, पण तिथे चौकट आणि गिलावा दोन्ही आडवे येतात. आतून चौकटीपर्यंत, चौकट, चौकटीपासून बाहेरपर्यंत असे तीन आकडे वेगळे लिहा. जिथे काप नाही तिथे बाहेरची एकूण लांबी वजा आतल्या मापांची बेरीज. स्लॅबची जाडी जिन्याच्या खड्ड्यात कडेला दिसते. तिथे नाही दिसली तर सहसा कुठेच दिसत नाही, तेव्हा जिना सोडू नका.

लेझर मीटरचा अचूकपणा दोन-तीन मिलिमीटरचा असतो, पण कशावर मारता त्यावर सगळं आहे. काचेतून किरण आरपार जातो आणि पलीकडच्या भिंतीचा आकडा येतो. चकचकीत संगमरवरावर आणि स्टीलवर तो भरकटतो. भर उन्हात ठिपका दिसत नाही आणि उपकरण चूक दाखवतं किंवा गप्प बसतं. या तिन्ही ठिकाणी तो पांढरा पुठ्ठा लक्ष्याच्या जागी धरायचा. उपकरण पुढच्या कडेपासून मोजतंय की मागच्या, तेही एकदा टेपने पडताळा. सेटिंग चुकून बदललेलं असेल तर उपकरणाच्या लांबीएवढी चूक प्रत्येक मापात शिरते. तिचं समाधान एवढंच की ती सगळीकडे सारखी असते आणि नंतर वजा करता येते. वर्दळीच्या जागी डोळ्यांच्या उंचीवर किरण मारू नका.

हात पोहोचत नाही तिथे

दर्शनी भागाची उंची मोजायला कोन मोजण्याआधी थर मोजा. विटेचं बांधकाम असेल तर एका थराच्या उंचीवर न जाता दहा थरांची एकत्र उंची मोजून दहाने भागा, मग वरपर्यंतचे थर मोजा. ब्रिटनच्या आजच्या प्रमाण विटेत ६५ मिमी वीट आणि १० मिमी सांधा मिळून थर ७५ चा, म्हणजे चार थरांना ३०० मिमी. जर्मनीच्या प्रमाण विटेत १२ थरांना एक मीटर. जुन्या बांधकामात यातलं काही लागू नसतं, म्हणून आधी दहा थर प्रत्यक्ष मोजायचे. थर डोळ्यांनी मोजता मोजता चुकतात; फोटो काढून पडद्यावर मोजा, दर दहाला खूण करत.

हाच नियम इतर साहित्यालाही चालतो. स्वित्झर्लंडमधल्या व्हाल्सच्या गरम झऱ्याच्या सार्वजनिक स्नानगृहात (१९९६) क्वार्ट्झाइट दगडाच्या पट्ट्या ३१, ४७ आणि ६३ मिमी अशा तीन उंचीच्या आहेत. त्यांचा क्रम बदलता असला तरी तीन पट्ट्या सांध्यांसकट १५ सेंटिमीटर भरतात. पाण्यात उभं राहून टेप लावता येत नाही, पट्ट्या मात्र मोजता येतात. जपानी वास्तुकार तादाओ आंदोच्या काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांचे सांधे दिसतात, साधारण ९०० × १८०० मिमीचे. सांधे मोजले की भिंत मोजली. तातामीच्या, म्हणजे जपानी घरांत जमिनीवर अंथरलेल्या चटयांच्या, बाबतीत सावध राहा. क्योतोकडची चटई ९५५ × १९१० मिमीची आणि तोक्योकडची ८८० × १७६० ची. सहा चटयांची खोली म्हटल्यावर कुठली चटई, हा प्रश्न उरतोच. एक मोजा, मग बाकीच्या मोजत बसू नका.

हे काहीच नसेल तर कोन. फोनमधला कोनमापक उघडा आणि इमारतीचा माथा ४५ अंशांत दिसेपर्यंत मागे सरका. तिथून पायथ्यापर्यंतचं अंतर अधिक डोळ्यांची उंची म्हणजे इमारतीची उंची. ४५ अंश फक्त गुणाकार टाळायला निवडलेले नाहीत. डोळ्यांच्या वर १२ मीटर उंची असेल तर १२ मीटरवर उभं राहून कोनात एक अंश चुकला की उंचीत सुमारे ४२ सेंटिमीटर फरक पडतो. ४ मीटरवरून तीच एक अंशाची चूक ७० सेंटिमीटरची होते. फार लांब गेलात तरी चूक वाढते. आणि ४२ सेंटिमीटर म्हणजेही थोडी नाही. कोनाचं माप थरांच्या मापाची पडताळणी म्हणून ठेवा, एकट्यावर भिस्त नको. जमीन उताराची असेल तर तेवढा उतार वजा-अधिक करायला विसरू नका.

फोटो, पण वेगळे

दौऱ्याच्या पहिल्या दिवसांचे फोटो चार हजार असतात आणि त्यातले साडेतीन हजार समोरून काढलेले. आता फक्त सांधे टिपा: भिंत जमिनीला भेटते तिथे, खिडकी भिंतीत बसते तिथे, कठडा जिन्यावर उतरतो तिथे, छत संपतं तिथे. प्रत्येक जागेचे तीन फोटो: लांबून एक, म्हणजे तो सांधा कुठला ते कळेल, मीटरची पट्टी शेजारी ठेवून एक, अगदी जवळून एक. लांबचा फोटो नसेल तर घरी गेल्यावर जवळच्या फोटोंचा ढीग म्हणजे निनावी कोपऱ्यांचा ढीग.

ज्या फोटोवरून नंतर एलिव्हेशन (एका बाजूचं समोरून काढलेलं चित्र) काढायचं आहे तो वाइड लेन्सने काढू नका. कडेच्या रेषा वाकतात आणि त्या पूर्ण सरळ होत नाहीत. मागे जा, दुप्पट किंवा जास्त झूम घ्या, कॅमेरा भिंतीला समांतर धरा, आणि त्या भिंतीवर चौकोनाचे चार कोपरे होतील अशा चार बिंदूंमधली अंतरं लिहून घ्या. त्यांच्या आधाराने फोटो संगणकावर सरळ करता येतो. ही सुधारणा त्या एकाच पातळीपुरती असते. बाहेर आलेली बाल्कनी किंवा आत गेलेली खिडकी त्या फोटोवरून मोजली तर चुकीचीच येणार.

फोटोंतून त्रिमिती मॉडेल करायचं असेल तर शेजारच्या दोन फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा, झूम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच हवा, आणि आकाश ढगाळ असेल तर उत्तम, कारण सरकत्या सावल्यांनी जोडणी बिघडते. एका जागी उभं राहून कॅमेरा गोल फिरवला तर मॉडेल होत नाही; पावलं टाकावी लागतात. तिपाईला बऱ्याच संग्रहालयांत मनाई असते, हातातल्या कॅमेऱ्यावरच गणित बसवा.

दिशा, ऊन, पाऊस

उत्तर दिशेचा बाण शेवटी घाईत काढला जातो आणि हमखास चुकतो. फोनचं होकायंत्र लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटजवळ, मोटारीजवळ, स्टीलच्या खांबाजवळ भलतीकडे वळतं. शिवाय चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर एक नसतात. उपग्रह नकाशावर इमारतीच्या सर्वांत लांब भिंतीचा उत्तरेशी कोन मोजा आणि जागेवर सावलीने पडताळा.

दौऱ्यात इमारत सकाळी पाहिली असेल तर परत दुपारी जा. एका जागी बसा, तीच चौकट धरून दर अर्ध्या तासाला एक फोटो, आणि जमिनीवरच्या उन्हाची कड प्लॅनवर वेळेसकट आखा. चार-पाच नोंदी पुरतात. रोमच्या पँथिऑनमध्ये हे फार छान कळतं. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून माथ्याची उंची दोन्ही ४३.३ मीटर, आणि माथ्यावर एकच गोल उघडं भोक. त्यातून आलेली उन्हाची चकती दिवसभर भिंतीवरून आणि फरशीवरून सरकते. २१ एप्रिलच्या सुमारास ती दुपारी दारावर येते. इतर दिवशी कुठे येते ते तुमच्या तारखेसह आखा. तारखेशिवाय उन्हाची नोंद निरुपयोगी आहे.

पाऊस आला तर दिवस गेला असं म्हणू नका, पाण्याचा मार्ग पाहायला असा दिवस पुन्हा मिळायचा नाही. छपरावरून पाणी कुठे गोळा होतं, कुठून पडतं, पडून कुठे जातं, भिंतीवर ओघळ कुठे उठतात, हे सेक्शनवर निळ्या पेन्सिलीने काढा. फ्रान्समधल्या रोंशांच्या चर्चचं (१९५५) सगळं छप्पर पश्चिमेच्या एका पन्हाळीतून खालच्या काँक्रीटच्या हौदात रिकामं होतं. कोरड्या दिवशी ते शिल्पासारखं दिसतं, पावसात यंत्रासारखं. पँथिऑनच्या फरशीला हलका उतार आणि भोकं आहेत, तीही पाऊस आत आल्यावरच कळतात.

साहित्याचा नमुना: खडा उचलू नका

जुन्या वास्तूच्या आवारातला विटेचा तुकडा, दगडाची कपची, गिलाव्याचा पापुद्रा पिशवीत टाकायचा मोह होतो. संरक्षित जागी तो गुन्हा ठरू शकतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तर किनाऱ्याची वाळू नेणाऱ्यांनाही दंड होतो. माती आणि साल असलेलं लाकूड यांवर बहुतेक देशांच्या सीमेवर वनस्पतिरोगांच्या भीतीने बंदी असते, त्यामुळे मातीच्या भिंतीचा नमुना कितीही प्रिय असला तरी तो पुढच्या विमानतळावर कचऱ्यात जाणार.

त्याऐवजी पातळ कागद आणि मऊ पेन्सिल. परवानगी असेल आणि पृष्ठभाग टणक असेल तर कागद त्यावर धरून पेन्सिल आडवी घासा, पोत खऱ्या आकारात उतरतो. भुसभुशीत दगड, रंगवलेला गिलावा, लाकडावरचा जुना रंग यांवर हे अजिबात करायचं नाही. रंगासाठी फोटोवर विसंबू नका, कॅमेरा प्रत्येक वेळी वेगळा रंग सांगतो. आरएएल किंवा एनसीएस या रंगांना क्रमांक देणाऱ्या पद्धतींचा छोटा रंगपंखा (रंगनमुन्यांच्या पट्ट्यांचा जुडगा) सावलीत भिंतीला लावून क्रमांक लिहा. फिनलंडमध्ये मूरात्सालोच्या प्रायोगिक घराच्या अंगणात वास्तुकार आल्व्हार आल्टोने सुमारे पन्नास चौकटींत विटा आणि सिरॅमिक टाइलांच्या वेगवेगळ्या रचना लावून पाहिल्या आहेत. अशा जागी आधी भिंतीचा आराखडा काढून चौकटींना क्रमांक द्या, मग एकेकीची नोंद. उलट केलं तर घरी पन्नास सुंदर फोटो राहतात आणि कुठला कुठे ते नाही.

फाइली आणि कागद

नियम जुनाच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक तुमच्यापासून लांब. हॉटेलच्या इंटरनेटवर सगळं चढवू म्हणणाऱ्यांनी आधी भागाकार करावा. ६० जीबी फोटो, चढवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट, तर वेळ सुमारे १३ तास २० मिनिटं, तेही वेग टिकला तर. म्हणून वरती फक्त मापांच्या पानांचे आणि निवडक तीनशे फोटो चढवा. बाकीचं दोन हार्ड डिस्कवर, आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या माणसांच्या पिशवीत. कार्ड रिकामं करायची घाई नको. प्रत केलेल्या फोल्डरमधल्या दहा फाइली कुठूनही उघडून बघा, मगच प्रत झाली म्हणा.

कॅमेऱ्याचं घड्याळ दौऱ्याच्या देशाला लावायचं राहिलेलं असतं. काही बिघडत नाही, कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढा. दोन वेळांतला फरक कळला की सगळ्या फोटोंच्या वेळा एकदम दुरुस्त करता येतात, आणि उन्हाच्या नोंदींना त्याची गरज पडतेच. फोल्डरची नावं वर्ष-महिना-दिवस, शहर, इमारत या क्रमाने ठेवा, म्हणजे ती आपोआप तारखेने लागतात.

मापांचं प्रत्येक पान त्या रात्रीच फोनने टिपा. खिडकीजवळ, बाजूने येणाऱ्या उजेडात, फोन पानाला समांतर. कागद पांढराशुभ्र करणारी स्कॅनिंगची ॲप्स इथे वापरू नका, फिकट पेन्सिलीच्या रेघा त्यात धुऊन जातात. कोळशाची आणि मऊ पेन्सिलीची स्केचेस मध्ये बटर पेपर घालून वही रबराने घट्ट बांधा; सैल पानं घासतात, बांधलेली घासत नाहीत. वही भिजली असेल तर पानांमध्ये टिपकागद घालून ती उभी ठेवा आणि कागद तासातासाला बदला. गरम हवेने सुकवली तर पानं लाटांसारखी होतात आणि मग कधीच सपाट बसत नाहीत.

सामान

गुंडाळी करताना कागदाची कुठली बाजू गुंडाळता ते बघा. विमानात जवळ ठेवायच्या पिशवीची लांबी साधारण ५५ सेंटिमीटरपर्यंत चालते. ए१ कागदाची आखूड बाजू ५९४ मिमी, म्हणजे ए१ ची नळी त्यात बसतच नाही. ए२ ची आखूड बाजू नळीच्या लांबीत ठेवली तर ४२० मिमी, ती बसते. मोठी शीट्स नेणं टाळता येत नसेल तर नळी आत नेता येईल का हे विमान कंपनीकडे आधीच विचारा, आणि तिच्यातल्या कागदांचे फोटो काढून ठेवल्याशिवाय ती कुणाच्या हाती देऊ नका.

कटर, ब्लेड, टोकदार कंपास, स्टीलची पट्टी चेक-इनच्या बॅगेत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या नेमक्या उलट, फक्त जवळच्या पिशवीत. १०० वॉट-तासांपर्यंत विचारावं लागत नाही. २०,००० मिलीअँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास, तेव्हा नेहमीची बँक चालते. अनेक कंपन्या ती उड्डाणात वापरू मात्र देत नाहीत. स्केच पुसू नये म्हणून त्यावर मारायचा फिक्सेटिव्हचा आणि चिकटवायचा स्प्रे ज्वालाग्राही असतो, तो कुठल्याच बॅगेत चालत नाही. उरलेला डबा तिथेच कुणाला तरी देऊन टाका.

पुस्तकं जड असतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी विमानतळावर बॅगा उघडल्या जातात. जाड, चकचकीत कागदाचं एक पुस्तक सहज दोन किलोचं भरतं. कार्यशाळेत केलेलं मॉडेल नेऊ नका, फोटो न्या. १:१०० च्या मॉडेलमध्ये माणसाची नजर तळापासून १६ मिमीवर असते. फोनची लेन्स तिथे आणायला फोन उलटा धरा. अगदीच सोडवत नसेल तर एक सांधा, एक जिना, एवढा तुकडा कापून घ्या.

गटाची वाटणी

दहा जणांनी एकच घर मोजलं की दहा वेगवेगळी घरं होतात. जागेवरच्या पूर्ण दिवसाच्या संध्याकाळी प्रत्येक इमारतीचं एक मूळ रेखाचित्र ठरवा आणि एका माणसाकडे ते द्या. बाकीच्यांनी आपापले आकडे त्यावर पडताळायचे, आणि १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तिथे दोन्ही आकडे मापकऱ्याच्या नावासह लिहायचे. सरासरी काढायची नाही. दोन आकड्यांपैकी एक चूक असतो आणि सरासरी नक्की चूक असते. राखीव सकाळ अजून हातात असेल तर पळत जाऊन तेवढंच मोजून या.

विमानात करण्याजोगं एक काम उरतं. वही न उघडता प्रत्येक इमारतीचा सेक्शन कोऱ्या कागदावर आठवणीने काढा, मग वहीशी ताडून बघा. हे पेन्सिलीनेच करा. शाईच्या पेनात अर्धी शाई आणि वर हवा असेल तर केबिनचा दाब कमी होताना ती हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. पेन भरलेलं किंवा पूर्ण रिकामं करून टोक वर ठेवून न्या.